चेहरा एकाचा, नाव दुसऱ्याचे: नानासाहेब पेशव्यांच्या १८५७ मधील कोरीव चित्राचे प्रकरण

१८५७ च्या उत्तरार्धात लंडनच्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात नानासाहेब पेशव्यांचे म्हणून एक व्यक्तिचित्र छापून आले. भरल्या अंगाचा, उंची वस्त्रांतला, दागिन्यांनी मढलेला एक हिंदी श्रीमंत त्यात दिसतो. अवधच्या दरबारातील चित्रकार बीची याने १८५० मध्ये रंगवलेल्या चित्रावरून ही प्रतिमा घेतल्याचे सांगण्यात आले होते. पुढे हीच प्रतिमा आणि तिच्यावर बेतलेल्या प्रतिमा ग्रंथांतून, छापील तसबिरींतून आणि मासिकांतून फिरत राहिल्या आणि नानासाहेब असेच दिसत असणार, अशी इंग्लंडातल्या वाचकाप्रमाणे आपल्याकडच्या वाचकाचीही समजूत होऊन बसली. मात्र हा चेहरा बिठूरच्या पेशव्यांचा नसून मेरठच्या एका सावकाराचा आहे, असे सांगणारी साक्ष एकोणिसाव्या शतकातच नोंदवली गेली आहे. ती साक्ष कितपत टिकते आणि चुकीचे चित्र इतक्या सहज का खपले, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मुळापासून तपासावे लागते.

नानासाहेबांचे मूळ नाव धोंडोपंत. कर्जतजवळच्या वेणगावच्या भट घराण्यात माधवराव नारायण यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. १८१८ मध्ये शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावांना इंग्रजांनी वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन देऊन कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला ठेवले होते. तेथेच १८२७ मध्ये बाजीरावांनी धोंडोपंतांना दत्तक घेतले. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले आणि डलहौसीच्या सरकारने ते निवृत्तिवेतन दत्तकपुत्राकडे चालू ठेवण्यास नकार दिला. वाडा, नोकरचाकर आणि बाजीरावांनी साठवलेली दौलत हाती असली तरी मान आणि नेमणूक गेली होती. अर्ज करून झाले, अझीमुल्ला खान यांना वकील म्हणून लंडनला पाठवून झाले, तरी कंपनीचे संचालक बधले नाहीत. या काळात बिठूरला येणाऱ्या इंग्रज पाहुण्यांची सरबराई नानासाहेब मोकळ्या हाताने करीत, त्यामुळे त्यांना समोरासमोर पाहिलेली इंग्रज माणसे बरीच होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

जून १८५७ मध्ये कानपूरला उठाव झाला. जनरल व्हीलरच्या तटबंदीला वेढा पडला, २७ जूनला सतीचौरा घाटावर होड्यांत बसलेल्या इंग्रजांची कत्तल झाली आणि १५ जुलैला बिबीघरात कोंडलेल्या स्त्रिया व मुले मारली गेली. त्या काळी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात तारेचा थेट संबंध नव्हता. डाक बोटीने आणि सुएझच्या वाटेने जाई आणि बातमी लंडनला पोहोचायला आठवडेच्या आठवडे लागत. ती पोहोचली तेव्हा इंग्लंडात संतापाची लाट उसळली आणि त्या संतापाला एक नाव मिळाले. ब्रिटिश पत्रे ते बहुधा 'नेना साहिब' असे लिहीत. कानपूरच्या घटनांत नानासाहेबांचा प्रत्यक्ष वाटा किती, कोणती आज्ञा कोणाची, याचा वाद इतिहासकारांत आजही मिटलेला नाही. लंडनच्या छापखान्यांना त्या वादाशी कर्तव्य नव्हते, त्यांना चेहरा हवा होता.

'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १४ मे १८४२ रोजी सुरू झाले आणि बातमीबरोबर चित्र, हा त्याचा पाया होता. छायाचित्रे काढली जात होती, परंतु अक्षरांच्या खिळ्यांसोबत ती थेट छापण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत व्यवहारात आली नव्हती. त्यामुळे रंगचित्र असो, छायाचित्र असो की प्रवाशाने पेन्सिलीने केलेले रेखाटन असो, ते आधी लाकडावर उतरवावे लागे. त्यासाठी बॉक्सवुड नावाचे अत्यंत घट्ट लाकूड आडवे कापून घेत. हे झाड जाड होत नाही, म्हणून मोठे चित्र करायचे असल्यास लहान लहान ठोकळे जोडून एक ठोकळा तयार करीत. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरा हात देऊन चित्रकार मूळ चित्र उलट्या बाजूने रेखाटी आणि मग कोरणारा कारागीर अणकुचीदार हत्याराने पांढऱ्या राहणाऱ्या जागा खोदून काढी, जेणेकरून काळ्या रेघा उंच राहतील आणि खिळ्यांच्या जोडीने शाई धरतील. कागदावर जो चेहरा उमटे तो अशा रीतीने मूळ चित्रकार, लाकडावर रेखाटणारा आणि कोरणारा अशा निदान तीन हातांखालून आलेला असे. त्यांपैकी शेवटच्या दोघांनी ती व्यक्ती पाहिलेली असण्याचा प्रश्नच नव्हता.

मूळ चित्रात जे नाही ते कारागीर घालू शकतो आणि जे आहे ते काढूही शकतो, परंतु मूळ चित्र कोणाचे आहे हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते. ते त्याला संपादकाकडून कळते आणि संपादकाला चित्र आणून देणाऱ्याकडून. लंडनच्या कोरणाऱ्याला पुणेरी पगडी आणि मेरठच्या सावकाराचे शिरोभूषण यांतला फरक ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि त्याच्या वाचकालाही नव्हते. दोघांच्याही लेखी रत्ने, मोती आणि रेशीम एवढे असले की तो 'राजा' झाला.

आता चित्र आणून देणाऱ्याकडे वळू. जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये १८१६ साली जन्मलेला बॅरिस्टर. १८४२ मध्ये तो हिंदुस्थानात आला, 'मोफसिलाइट' नावाचे पत्र त्याने काढले आणि कंपनी सरकारवर त्यातून सतत तोफा डागल्या. कंपनीविरुद्ध वकीलपत्र घेणारा इंग्रज वकील त्या काळी दुर्मीळच, त्यामुळे नाडलेले हिंदी श्रीमंत त्याच्याकडे येत. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणाने परिचित असते: झाशी खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी याच लँगला सल्ल्यासाठी बोलावून घेतले होते. पडद्याआड बसलेल्या राणीशी झालेल्या त्या भेटीचा वृत्तांत त्याने पुढे लिहिला आणि 'मेरी झाशी नही दूँगी' या अर्थाचे त्यांचे उद्गार कागदावर आले ते त्याच वृत्तांतात.

लँगची वकील म्हणून कीर्ती झाली ती मात्र ज्योतीप्रसादांच्या खटल्याने. ज्योतीप्रसाद हे उत्तरेतील मोठे सावकार आणि फौजेचे रसद कंत्राटदार. अफगाण आणि शीख युद्धांत कंपनीच्या सैन्याला धान्य, जनावरे आणि वाहतूक पुरवण्याचा भार त्यांनी उचलला होता. युद्धे संपल्यावर त्यांची फार मोठी रक्कम सरकारकडे थकली आणि ती मागताच हिशेबांत लबाडी केल्याचा आरोप ठेवून सरकारने उलट त्यांच्यावरच खटला भरला. १८५१ मध्ये आग्र्याला खटला चालला, लँगने सरकारी साक्षीदारांना उलटतपासणीत नामोहरम केले आणि ज्योतीप्रसाद निर्दोष सुटले. ज्याच्या पैशावर फौज चालली त्यालाच आरोपी करायचे, हा कंपनीचा व्यवहार पाहिला की लँगचा तिच्यावरचा राग समजण्याजोगा वाटतो. उठावाच्या काळात हा लँग लंडनमध्ये होता आणि तेथील नियतकालिकांत हिंदुस्थानविषयी लिहीत होता.

चित्राबद्दलची साक्ष येते विल्यम फोर्ब्स-मिचेल याच्याकडून. ९३ व्या हायलँडर्स पलटणीतला हा सार्जंट उठावाच्या लढायांत होता आणि पुढे हिंदुस्थानातच राहिला. त्याच्या आठवणी १८९३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, नानासाहेबांचे म्हणून जगभर गेलेले चित्र वस्तुतः मेरठच्या त्या सावकार-कंत्राटदाराचे आहे. त्याचे नाव तो अजोध्याप्रसाद असे देतो आणि हेच गृहस्थ ज्योतीप्रसाद या नावाने ओळखले जात, असेही सांगतो. अशिलाचे ते चित्र लँगजवळ होते. कानपूरच्या बातमीनंतर चित्र शोधणाऱ्या मंडळींच्या हाती ते लँगकडून गेले. हा माणूस नाना नव्हे हे लँगला पुरते ठाऊक होते, परंतु लोकांना पाहायला एक खलनायक हवा आहे आणि त्या कामाला हे चित्र चालेल, अशी त्याची त्यावर भूमिका होती.

या साक्षीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे मी म्हणणार नाही. घटनेनंतर पस्तीस वर्षांनी लिहिलेल्या त्या आठवणी आहेत. लंडनमध्ये काय बोलणे झाले, त्याचा हा सार्जंट प्रत्यक्ष साक्षीदार नव्हता. लँग १८६४ मध्ये मसुरीला वारला होता, त्यामुळे खुलासा करायला तोही उरला नव्हता. लष्करी छावण्यांत अशा गोष्टी तोंडोतोंडी रंगत जातात, हेही खरे. मात्र साक्षीतले जे भाग दुसरीकडून पडताळता येतात ते सगळे जागच्या जागी बसतात: लँग आणि सावकाराचे नाते खरे, खटला खरा, लँगचे त्या वेळी लंडनमध्ये असणे खरे, लेखक म्हणून संपादकांशी त्याची ऊठबस असणे खरे. बनावट कहाणी रचणाऱ्याला इतके धागे एकत्र आणणे अवघड गेले असते.

लँगची गफलत झाली असेल, हा पर्याय मला मुळीच पटत नाही. लँग स्वतः बिठूरला नानासाहेबांचा पाहुणा म्हणून राहिला होता आणि त्या मुक्कामाचे त्याने केलेले वर्णन बारीक नजरेच्या माणसाचे आहे. जेवणाचे मेज वीस फूट लांब होते आणि मुळात ते एका घोडदळ पलटणीच्या भोजनगृहातले होते, हे त्याने टिपले आहे. मेजावर विलायती दमास्कचे कापड, परंतु हात पुसायला दिलेला रुमाल म्हणजे शयनगृहातला टॉवेल. सूप आले ते ९ व्या लान्सर्सच्या मिठाईच्या संचातल्या भांड्यातून आणि ते ताटलीत वाढून घ्यायला डाव नव्हता, फुटका चहाचा पेला होता. पलटणींच्या मोडीत निघालेल्या सामानावर उभा असलेला तो थाट लँगने खवचटपणे, तरीही यजमानाविषयी फारशी कटुता न ठेवता रंगवला आहे. यजमान फार हुशारही नाही आणि मूर्खही नाही, असे त्याचे मत पडले. ज्याला फुटका पेला आठवतो त्याला समोर बसलेल्या यजमानाचा चेहरा आठवला नसेल, हे संभवत नाही. चित्र त्याच्या हातून गेले असेल तर ते जाणूनबुजून गेले.

मग असे त्याने का केले असावे? संपादकांची हौस आणि लँगचा खट्याळ स्वभाव एवढे कारणही पुरे होते. माझा स्वतःचा कल आणखी थोडा पुढे जातो. कंपनीच्या कारभाराचे पितळ उघडे पाडण्यात ज्याची वकिली आणि पत्रकारिता खर्ची पडली, त्याला सूडाने पेटलेल्या लंडनची मागणी हास्यास्पद वाटली असली तर नवल नाही. ज्या सावकाराच्या रसदीवर इंग्रजी फौजा जगल्या त्याचाच चेहरा इंग्रजांचा कट्टर शत्रू म्हणून घराघरांत लागावा, यातला विनोद लँगसारख्याच्या नजरेतून सुटणार नाही. अर्थात हे माझे अनुमान आहे आणि लँगने तसे लिहून ठेवलेले नाही.

चित्रकाराच्या नावाकडे वेगळे लक्ष द्यायला हवे, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. बीची नावाचा चित्रकार खरोखर होता. जॉर्ज डंकन बीची हा इंग्लंडच्या राजघराण्याची चित्रे काढणाऱ्या सर विल्यम बीची यांचा मुलगा. तो हिंदुस्थानात आला, लखनौला अवधच्या दरबारी राहिला आणि १८५२ मध्ये वारला. म्हणजे १८५० हे साल त्याच्या हयातीत चपखल बसते. लखनौच्या चित्रकाराने बिठूरच्या धन्याचे चित्र काढले असेल, हे जितके शक्य आहे तितकेच त्याने एखाद्या बड्या सावकाराचे काढले असेल, हेही शक्य आहे, किंबहुना बिदागी देण्याची ऐपत पाहता सावकार काकणभर सरस. चित्रकार खरा, साल खरे, रंगचित्र खरे आणि त्यात बसलेली व्यक्ती तेवढी बदललेली, अशी ही रचना असावी. पूर्ण बनावट चित्र कोणीतरी लवकर पकडतो, तीन खऱ्या गोष्टींच्या आधाराने ठेवलेली चौथी खोटी गोष्ट पकडायला फार वेळ जातो.

शिवाय ती पकडणार कोण? बीची पाच वर्षांपूर्वी वारला होता. नानासाहेब रानोमाळ होते आणि त्यांच्या शिरावर पुढे एक लाख रुपयांचे इनाम लागले. बिठूरचा वाडा इंग्रज फौजांनी उद्ध्वस्त केला आणि डिसेंबर १८५७ मध्ये तेथल्या विहिरीतून खजिना उपसून नेला. त्या वाड्यात एखादे अस्सल चित्र असलेच तर ते वाचण्याची आशा नव्हती. ज्यांनी नानासाहेबांना जवळून पाहिले होते त्या कानपूरच्या इंग्रजांपैकी बहुतेक मारले गेले होते. सतीचौरा घाटावरून जिवंत सुटलेल्या मोजक्या लोकांपैकी मोब्रे थॉमसन या अधिकाऱ्याने १८५९ मध्ये आपली हकीकत छापली. तिच्यात नानासाहेबांचे वर्णन आहे: फार स्थूल, पिवळसर वर्णाचे, मध्यम उंचीचे, ठसठशीत नाकडोळ्यांचे आणि सगळ्या मराठ्यांप्रमाणे डोके व चेहरा तुळतुळीत केलेले. 'मराठे' हा शब्द तो अर्थातच ढोबळपणे वापरतो. ते वर्णन आणि हे चित्र शेजारी शेजारी ठेवून तपासण्याचे काम १८५९ मध्ये कोणाही प्रकाशकाने केले असते, तर निदान शंका तरी छापली गेली असती. तसे झाले नाही, कारण तोवर प्रतिमा रुळली होती. दोघेही अंगाने भरलेले, दोघेही श्रीमंत, एवढ्या साम्यावर वाचकाचे समाधान झाले.

साप्ताहिकातला लाकडी ठसा आठवड्याभराचा धनी. प्रतिमेला दीर्घायुष्य दिले ते उठावाच्या इतिहासग्रंथांनी. लंडनमधून चार्ल्स बॉल यांचा इतिहास पोलादी पत्र्यावर कोरलेल्या चित्रांसह निघाला आणि त्यातही नानासाहेबांची चित्रे होती. पोलादावरचे काम लाकडाच्या नेमके उलट: येथे रेघ पत्र्यात खोल कोरतात, शाई त्या खाचेत भरतात आणि दाबाखाली कागद ती उचलून घेतो. रेघा केसाइतक्या बारीक येतात, छायाप्रकाश मऊ उतरतो आणि पत्रा न झिजता हजारो प्रती देतो. चांगल्या कागदावर स्वतंत्र छापलेले असे चित्र पुस्तकातून कापून चौकटीत बसवले जाई. सफाईदार रेघेने प्रामाणिकपणाचा आव आणला आणि वाचकाने कारागिरीवरचा विश्वास नावावरही ठेवला.

विसाव्या शतकात नानासाहेब आपल्याकडे स्वातंत्र्ययुद्धाचे सेनानी झाले. दृष्टी उलटली, ती उलटायलाच हवी होती. चित्र मात्र तेच राहिले. लंडनने नराधम म्हणून टांगलेला चेहरा आपण वीर म्हणून पूजला आणि दोन्ही बाजूंपैकी कोणालाही तो कोणाचा, हे विचारावेसे वाटले नाही. १९८४ मध्ये भारतीय टपाल खात्याने नानासाहेबांवर तिकीट काढले. तिकिटाला, शालेय पुस्तकाला, चौकातल्या पुतळ्याला चेहरा लागतोच आणि तो हाताशी असेल तेथून घेतला जातो.

एका ठिकाणी मात्र या प्रतिमेची खरी परीक्षा होण्याचा प्रसंग आला. नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले, तरी ते सापडल्याच्या वार्ता येत राहिल्या. १८६३ मध्ये अजमेरला एकाला पकडून कानपूरला नेले आणि सोडून दिले. ऑक्टोबर १८७४ मध्ये खुद्द जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला एका माणसाला नाना म्हणून इंग्रजांच्या स्वाधीन केले, तेव्हा तर इंग्लंडातही खळबळ उडाली. त्या माणसाला कानपूरला नेऊन नानासाहेबांना पूर्वी पाहिलेल्या लोकांपुढे उभे केले गेले, साक्षी परस्परविरोधी आल्या आणि अखेर तो नाना नव्हे असे सरकारनेच ठरवले. सतरा वर्षे छापल्या गेलेल्या चित्राशी चेहरा जुळवून ओळख पटवावी, इतका त्या चित्रावर सरकारचा भरवसा नव्हता. ओळख ठरली ती माणसांच्या आठवणींवर.

आज हे चित्र छापायचे झाल्यास ते टाळावे असे मला वाटत नाही. १८५७ च्या लंडनला काय पाहायचे होते, याचा तो उत्तम पुरावा आहे आणि ज्योतीप्रसादांसारख्या सावकाराची आठवण राहण्यासही त्याचा उपयोग आहे. बदलायला हवी ती खालची ओळ. 'नानासाहेब पेशवे' एवढे लिहून भागणार नाही. 'नानासाहेब पेशवे यांचे म्हणून लंडनमध्ये १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेले कोरीव चित्र. मूळ रंगचित्र बीची या चित्रकाराचे असल्याचा तत्कालीन उल्लेख. चित्रातील व्यक्ती मेरठचे सावकार ज्योतीप्रसाद असल्याची फोर्ब्स-मिचेल याची साक्ष' एवढा मजकूर दोन ओळींत मावतो.